वॉचमनची वही

मे २०२५ च्या अखेरीस मी नोकरी सोडली. एकाच विद्यापीठात जवळजवळ २३ वर्षं, त्यातली २२ संगणक सुरक्षेत. मला कोणी काढलं नाही, भांडण झालं नाही, तब्येत ठणठणीत आहे आणि घरात सगळं ठीक आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण गेले पंधरा दिवस फोनवर हेच चार प्रश्न आलटून पालटून येतायत. पाचवा प्रश्न, "मग आता इन्शुरन्सचं काय?", हा फक्त अमेरिकेतल्या नातेवाइकांचा. त्याचं उत्तर: नवऱ्याच्या कंपनीतून. झालं समाधान?

सहावा प्रश्न धाकट्या नणंदेने विचारला. "वहिनी, मग सोडलीत का?" फोनवर मला काही धड सांगता येईना. म्हणून लिहायला बसलेय. जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मुळात मी तिथे करत काय होते, इथपासून सुरुवात. बऱ्याच वर्षांपूर्वी सांगलीला मावशीला हे समजावून सांगत होते. विद्यापीठातले संगणक, त्यात कोणी चोरून शिरू नये, शिरलंच तर शोधून काढायचं, वगैरे. तिने शेंगा सोलत शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे वॉचमन आहेस म्हण की." घरातले सगळे हसले. मला तेव्हा जरा लागलं होतं (इंजिनिअरिंगची डिग्री, वर अमेरिका, आणि वॉचमन?), पण जसजसं काम कळत गेलं तसतसं मावशीचं म्हणणं पटत गेलं.

वॉचमनकडे काय असतं? एक काठी, एक शिट्टी, प्लास्टिकची खुर्ची आणि एक वही. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत जा, ती वही पुढे सरकवली जाते. नाव, कुठून आलात, कोणाकडे, किती वाजता, सही. दोऱ्याने बांधलेलं बॉलपेन. माझा एक चुलतभाऊ प्रत्येक वेळी त्यात 'विजय दीनानाथ चौहान' असं लिहायचा आणि एकाही वॉचमनने कधी हरकत घेतली नाही. संगणकाच्या जगात या वहीला लॉग म्हणतात. कोणत्या खात्यातून, किती वाजता, कुठल्या यंत्रावरून कोण आत आलं, याची नोंद. फरक एवढाच की ही वही आपोआप लिहिली जाते आणि तिथे विजय दीनानाथ चौहान चालत नाही. माझी २२ वर्षं खरं म्हणजे या वहीतच गेली. ती कोणी लिहायची, किती दिवस ठेवायची, कोणाला दाखवायची. बाकी हॅकर, व्हायरस वगैरे मसाला. (तोही आहे. येईल.)

बँकेच्या वॉचमनचं बरं असतं. दार बंद ठेवलं की निम्मं काम झालं. विद्यापीठ म्हणजे जत्रा. दर ऑगस्टला हजारो अठरा वर्षांची पोरं आपापली यंत्रं घेऊन येतात, प्राध्यापकांना स्वतःचे सर्व्हर हवे असतात, चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्यालाही नेटवर्क द्यावं लागतं. गेट बंद केलं तर जत्रा कसली? आणि गंमत म्हणजे इंटरनेट मुळात वाढलं अशाच जत्रांमध्ये. १९६९ मध्ये अर्पानेटची पहिली चार ठिकाणं जोडली गेली, त्यातली तीन विद्यापीठं होती. पहिला गाजलेला किडा, म्हणजे नोव्हेंबर १९८८ चा मॉरिस वर्म, लिहिला कॉर्नेल विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने आणि सोडला एमआयटीतल्या यंत्रावरून. त्यानंतर अशा संकटांसाठी जे केंद्र निघालं तेही कार्नेगी मेलन विद्यापीठात. चोर आणि वॉचमन दोघे एकाच वाड्यात लहानाचे मोठे झालेले!

मी लागले ऑगस्ट २००२ मध्ये. ग्रीन कार्ड हातात आलं होतं, लेक शाळेत जायला लागली होती. आमचं गाव मिडवेस्टमध्ये, तिन्ही बाजूंना मका आणि चौथ्या बाजूला सोयाबीन. विद्यापीठाच्या संगणक केंद्रात, तळघरात, युनिक्सची यंत्रं सांभाळायला मदतनीस हवी होती, अर्धवेळ. सुरक्षा हा शब्दसुद्धा त्या जाहिरातीत नव्हता.

मग आली २४ जानेवारी २००३. शुक्रवारची रात्र, साडेअकरा. (भारतात शनिवार उजाडला होता, त्यामुळे पुस्तकांत २५ तारीख दिसेल.) एसक्यूएल स्लॅमर नावाचा किडा सुटला. आकार ३७६ बाइट. तुम्ही वाचताय ती ही तीन-चार वाक्यंसुद्धा तेवढ्यात मावणार नाहीत. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी तो दुप्पट होत होता आणि जगातली ज्यांना लागण होऊ शकत होती त्यातली नव्वद टक्के यंत्रं त्याने दहा मिनिटांत गाठली. त्याच्यावरची दुरुस्ती जुलै २००२ पासून उपलब्ध होती, पण ती बसवतो कोण! शनिवारी सकाळी आमचं अख्खं नेटवर्क गुदमरलेलं. कुठल्या पत्त्यांवरून गोंधळ चाललाय ते आकडे दिसत होते, पण तो पत्ता म्हणजे कुठल्या इमारतीतलं कुठलं यंत्र हे कोणालाच माहीत नव्हतं. मी नवीन, त्यामुळे पायपीट माझ्याकडे. उणे पंधरा तापमानात किल्ल्यांचा जुडगा घेऊन एकेक इमारत उघडत गेले. कीटकशास्त्र विभागाच्या कपाटात एक यंत्र सापडलं, झाडूच्या मागे, त्यावर एका निवृत्त झालेल्या सरांचं नाव. रविवारी रात्रीपर्यंत माझ्याकडे एक यादी तयार झाली होती. पत्ता, इमारत, खोली, माणूस. सोमवारी साहेबांनी ती यादी पाहिली आणि उन्हाळ्यापर्यंत मी सुरक्षेत पूर्णवेळ झाले.

त्याच वर्षीचा ऑगस्ट तर विसरणं शक्य नाही. ११ तारखेला ब्लास्टर सुटला आणि पुढच्याच आठवड्यात वसतिगृहं उघडणार. पोरांनी यंत्र टेबलावर ठेवलं, नेटवर्कची वायर खुपसली, की थोड्याच वेळात पडद्यावर पाटी: यंत्र ६० सेकंदांत बंद होईल. मग एकोणसाठ, अठ्ठावन्न... पोरं घाबरून वायर काढायची, पुन्हा लावायची, पुन्हा तेच. दुरुस्ती १६ जुलैलाच आलेली होती, पण ती उतरवायला नेटवर्क लागतं आणि नेटवर्कला जोडलं की दुरुस्तीच्या आधी किडा घरात. मग आम्ही सीड्या जाळल्या. (जाळल्या म्हणजे बर्न केल्या हो. तरुण वाचकांसाठी: सीडी नावाची एक चकचकीत तबकडी असायची.) दीडेक हजार सीड्या, मार्करने हाताने नावं लिहिलेल्या, आणि आम्ही सहा जण पिशव्या घेऊन दारोदार. जिन्यातून फ्रीज चढवणारे बाप, रडवेल्या आया, आणि मध्ये मी, हातात पिशवी, "नमस्कार, वायर लावू नका, आधी हे घाला." एका आजीबाईंनी मला साबण विकणारी समजून नको म्हणून दार लावलं.

त्यात १८ तारखेला एक परोपकारी किडा आला, वेल्चिया. तो ब्लास्टरला मारायचा, दुरुस्ती स्वतःच उतरवून बसवायचा, आणि २००४ उजाडलं की स्वतःला पुसून टाकणार असं त्याच्यात लिहिलेलं होतं. फक्त पुढचं घर शोधायला इतक्या हाका मारायचा की नेटवर्क त्यानेच बंद पडायचं. अशी माणसंही माझ्या ओळखीची आहेत. असो.

तोपर्यंत वही म्हणजे औषधासारखी होती. कोण आजारी आहे ते शोधायचं, जाऊन बरं करायचं, पुढे. वहीची दुसरी बाजू दिसली ती संगीत कंपन्यांच्या पत्रांमुळे. गाणी फुकट उतरवणाऱ्यांवर त्यांनी सप्टेंबर २००३ पासून खटले भरायला सुरुवात केली आणि २००७ पासून विद्यापीठांना थेट पत्रं यायला लागली. खटला नको असेल तर तडजोड करा, साधारण तीनेक हजार डॉलर, आणि हे पत्र तुमच्या विद्यार्थ्याला पोहोचवा. पत्रात नाव नसायचं. फक्त पत्ता, तारीख, वेळ. त्या आकड्यांना नाव देणारी वही माझ्याकडे.

एक मुलगा आला होता, एकोणीस वर्षांचा, घराण्यातला कॉलेज पाहिलेला पहिलाच. हातात ते पत्र. माझ्यासमोर बसला आणि पहिलं काय विचारावं? "मॅम, हे तुम्ही कसं ओळखलंत?" गाणी उतरवली की नाही याबद्दल अवाक्षर नाही. मला कसं कळलं, एवढाच त्याचा प्रश्न. मी त्याला वही दाखवली. त्याची स्वतःचीच पानं. रात्री दोनला झोपतो, परीक्षेच्या आधी चारला, ख्रिसमसच्या सुट्टीत सगळे घरी गेले तेव्हा हा वसतिगृहातच होता. मला यातलं काही नको होतं, पण दिसत होतं. त्यालाही दिसलं की मला दिसतंय. तीन हजार डॉलर त्याने कसे भरले ते मला माहीत नाही, पण त्याचा चेहरा मला नाव विसरल्यावरही लक्षात आहे.

त्याच सुमारास मला आमच्या ग्रंथालयातल्या एक बाई भेटल्या. साठीच्या, करड्या केसांच्या, स्वेटरला नेहमी पेन्सिल अडकवलेली. कुठल्याशा समितीत शेजारी बसलो होतो. त्यांनी विचारलं, "हे सगळं तुम्ही किती दिवस ठेवता?" मी म्हटलं, तसा काही नियम नाही, डिस्क भरली की जुनं पुसतात. त्या हसल्या. म्हणाल्या, आमच्याकडे पुस्तक परत आलं की त्या क्षणी पुस्तकाचं आणि वाचकाचं नातं तोडून टाकतो. कोणी काय वाचलं हे आम्हालाच माहीत नसतं. मग कोणी विचारायला आलं तर खोटं बोलावं लागत नाही.

अमेरिकेतल्या ग्रंथपालांची ही जुनी परंपरा आहे, आणि ती नुसती भिडस्त लोकांची नाही. २००५ मध्ये कनेक्टिकटमधल्या चार ग्रंथपालांकडे एफबीआयचं पत्र आलं, माहिती द्या, आणि असं पत्र आलंय हेही कोणाला सांगायचं नाही. ते कोर्टात गेले. २००६ मध्ये सरकारने आधी तोंडबंदी सोडली आणि मग मागणीच सोडली. बाईंनी मला हे एखादी शेजारच्या घरातली गोष्ट सांगावी तसं सांगितलं.

मी त्यांच्याकडून हे शिकले आणि विद्यापीठात एक नियम आणला. लॉग नव्वद दिवस ठेवायचे. एक्याण्णवाव्या दिवशी पुसायचे. चौकशी चालू असेल तर तेवढंच पान लेखी परवानगीने बाजूला काढायचं, बाकीचं जाऊ द्यायचं. एका पानाचा नियम, अकरा बैठका, दीड वर्ष. २००९ मध्ये सही झाली. माझ्या नोकरीतलं मला सर्वांत आवडणारं काम हे. ज्यांच्यासाठी केलं त्या पंचवीस-तीस हजार लोकांतल्या वीस जणांनाही ते माहीत नसेल. जे ठेवलंच नाही ते चोरालाही सापडत नाही आणि साहेबालाही मागता येत नाही, हे माझं लाडकं वाक्य. घरी लेकीला ते इतक्यांदा ऐकवलंय की ती आता जुने मार्कशीट हरवल्यावर मलाच ऐकवते.

पण वही पुसली तरी वॉचमनचं डोकं पुसलं जात नाही. ते सांगायचं राहिलं.

२०११ मध्ये आमचा एक विद्यार्थी गेला. गाडीचा अपघात, बर्फात. महिन्याभराने त्याची आई विद्यापीठाला फोन करायला लागली. त्याच्या खात्यात फोटो आहेत, ते हवेत. पासवर्ड तिच्याकडे नव्हता. कायदा विभागाने बराच खल करून ठरवलं, फोटो द्यायचे, पत्रव्यवहार नाही. आणि हे काम एका माणसानेच करायचं, कोणाशी बोलायचं नाही. ते माझ्याकडे आलं. मी दार लावून बसले. पत्रं उघडायची नव्हती, उघडली नाहीत. पण खातं उघडलं की पहिल्या पानावर विषयाच्या ओळी दिसतातच. तो गेल्यानंतरही पत्रं येतच होती. पिझ्झाच्या जाहिराती, प्रयोगशाळेची वेळ बदलली, आणि आमच्याच ग्रंथालयाची तीन पत्रं, एकाहून एक कडक: पुस्तक परत करा, दंड चढतोय. मी खाली ग्रंथालयात गेले आणि त्या करड्या केसांच्या बाईंना फक्त नाव सांगितलं. त्यांनी काही विचारलं नाही. यंत्रात दोन कळा दाबल्या आणि म्हणाल्या, "झालं."

त्या रात्री मी घरी येऊन पिठलं केलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि तोही काही बोलला नाही. त्याचं हे मला फार आवडतं. २२ वर्षांत त्याने एकदाही "आज काय झालं ऑफिसात?" असं विचारलेलं नाही. आधी मला वाटायचं याला पडलेलीच नाही, मग कळलं की पडलेली आहे म्हणूनच विचारत नाही. त्या विषयांच्या ओळींत अजून काय होतं ते मी आजही सांगणार नाही.

पुढची काही वर्षं भराभर सांगते. एप्रिल २०१४ चा हार्टब्लीड, मे २०१७ चा वॉनाक्राय, पगाराचा बँक खातेनंबर बदलून घेणारी खोटी पत्रं (एका सरांचा पगार कुठल्यातरी प्रीपेड कार्डावर जाऊन बसला, आणि ते मला समजावत होते की पत्र खरंच असणार कारण त्यात विद्यापीठाचा लोगो आहे), मग पासवर्डबरोबर फोनवरून दुसरी खातरजमा, तिच्यावरून प्राध्यापक सभेत झालेलं महाभारत. हे सगळं व्यवस्थित पार पडलं.

मार्च २०१८ मध्ये अमेरिकी सरकारने नऊ इराण्यांवर आरोपपत्र दाखल केलं. त्यांनी अमेरिकेतल्या १४४ विद्यापीठांतल्या प्राध्यापकांची खाती चोरून ३१.५ टेराबाइट माल नेला असा आरोप. मोठा भाग शोधनिबंध, पुस्तकं. आमच्याकडेही त्या धर्तीची पत्रं येत होती, ग्रंथालयाच्या लॉगिनच्या हुबेहूब नकला. माझं काम ती बंद करणं, मी केली. पण मनात एक कोपरा गप्प बसेना. सांगलीत शिकत असताना एका शोधनिबंधाच्या झेरॉक्ससाठी मी मुंबईतल्या मामाला तीन पत्रं लिहिली होती आणि ती झेरॉक्स सबमिशन होऊन गेल्यावर आली. चोरी ती चोरीच. तरी दाराच्या या बाजूला उभं राहून त्या बाजूची पोरगी आठवणं हे काही सुरक्षेच्या पुस्तकात बसत नाही.

आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या न्याय खात्याने 'चायना इनिशिएटिव्ह' सुरू केलं. चिनी हेरगिरी शोधायला निघाले आणि बघता बघता विद्यापीठांतल्या चिनी वंशाच्या प्राध्यापकांच्या अर्जांतल्या त्रुटींपर्यंत आले. टेनेसी विद्यापीठातले प्राध्यापक अनमिंग हू सप्टेंबर २०२१ मध्ये निर्दोष सुटले, एमआयटीतले गँग चेन यांच्यावरचे आरोप जानेवारी २०२२ मध्ये सरकारनेच मागे घेतले, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तो कार्यक्रमच बंद केला. पण मधली तीन वर्षं!

त्या तीन वर्षांत एकदा माझ्याकडे एक यादी आली. कुठून आली ते सांगत नाही. अकरा नावं. या अकरा जणांनी गेल्या तीन वर्षांत परदेशातून कधी कधी लॉगिन केलं ते द्या. अकराही नावं एकाच देशाची. त्यातल्या चार जणांना मी ओळखत होते, एकांच्या घरी तर आम्ही चांद्र नववर्षाला जेवायला गेलेलो. माझं नाव त्या यादीत नव्हतं. पण मीही दर दोन वर्षांनी सांगलीहून लॉगिन करते, रात्री दीड वाजता, भावाच्या घरातल्या वायफायवरून. मी नियमाप्रमाणे उत्तर लिहिलं: आमच्याकडे नव्वद दिवसांचं आहे, त्यापुढचं नाही, नियमाची प्रत सोबत जोडली आहे. खोटं बोलावं लागलं नाही. नव्वद दिवसांत त्यातलं कोणी परदेशी गेलेलंच नव्हतं. यादी परत आली नाही. त्या रात्री मला शांत झोप लागली आणि सकाळी मी ग्रंथालयातल्या बाईंना, त्या तेव्हा निवृत्त होऊन ओरेगनला गेल्या होत्या, नुसतंच एक पोस्टकार्ड टाकलं. त्यांना कारण कळलं नसणार. (की कळलं असेल?)

आता दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर हे एकतर्फी होईल. डिसेंबर २०२० मध्ये सोलरविंड्सचं प्रकरण उघडं झालं. विश्वासातल्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच घुसखोर आले होते आणि ती विषारी अपडेट मार्च २०२० पासून वाटली जात होती. नऊ महिने! नव्वद दिवसांच्या वहीत चोर आत आल्याची नोंद कशी सापडणार? माझ्या हाताखाली तयार झालेल्या, मला मुलासारख्या असणाऱ्या एका सहकाऱ्याने हा प्रश्न भर बैठकीत विचारला आणि माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं, कारण चांगलं उत्तर नाहीच आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने आपल्या खात्यांना बारा महिने लॉग हाताशी आणि आणखी अठरा महिने गोदामात ठेवायला सांगितलं. विद्यापीठांना ते लागू नव्हतं, पण वारं त्या दिशेचं. आणि मे २०२२ मध्ये इलिनॉयमधलं लिंकन कॉलेज बंद पडलं. १८६५ सालचं, लिंकन हयात असताना त्याचं नाव दिलेलं. दोन महायुद्धं पाहिली, १९१८ ची साथ पाहिली. कोविडने आधीच कंबर मोडली होती, त्यात डिसेंबर २०२१ मध्ये खंडणीखोरांनी संगणक कुलूपबंद केले, प्रवेशाची आकडेवारीच कित्येक आठवडे दिसेना. संपलं. ती बातमी आली त्या दिवशी आमच्या कुलगुरूंचा मला स्वतःहून फोन आला. त्यांची भीती खोटी नव्हती.

तर २०२४ मध्ये विद्यापीठाने एका बाहेरच्या कंपनीशी करार केला. चोवीस तास पहारा त्यांचा. आमचे सगळे लॉग त्यांच्याकडे जाणार आणि अठरा महिने राहणार. विम्याच्या कंपनीलाही तेच हवं होतं. माझं मत विचारलं. मी सहा पानं लिहून दिली. शांतपणे ऐकून घेतलं, दोन सूचना घेतल्याही, आणि व्हायचं ते झालं. मी कांगावा केला नाही. रात्री तीन वाजता आमच्या पाच माणसांपेक्षा त्यांची माणसं जास्त जागी असतात, हे खरंच आहे.

फक्त नव्या नियमाखाली सुरक्षा अधिकाऱ्याची सही लागते. जुन्या नियमाखालीही माझीच होती. आणि मला तो एकोणीस वर्षांचा मुलगा दिसायचा, ख्रिसमसला वसतिगृहात एकटा राहिलेला. ती अकरा नावं दिसायची. अठरा महिन्यांची वही असती तर त्या दिवशी मी काय उत्तर लिहिलं असतं? नणंदबाई, हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर. सही करायला हात उचलेना आणि न करता त्या खुर्चीत बसून राहणं बरोबर नव्हतं. चार वर्षं थांबले असते तर पेन्शन बरीच जास्त झाली असती, तो हिशोब नवऱ्याने एकदा कागदावर मांडला, मला दाखवला आणि कागद फाडला.

शेवटचे दोन महिने सगळं दुसऱ्यांच्या हवाली करण्यात गेले. चौसष्ट पानं लिहून काढली. कुठली किल्ली कुठली, कुठलं यंत्र कोणाचं. रसायनशास्त्राच्या अमुक सरांना ईमेल करू नका, सकाळी सातच्या आत फोन करा. गोठ्यातल्या दूध काढायच्या यंत्रांचं नेटवर्क दुपारी दोन ते चार या वेळेतच बंद करायचं, नाहीतर गायी खोळंबतात आणि पशुविज्ञानाचे लोक आपल्या दारात येतात. (आले होते.) काही गोष्टी मात्र त्या चौसष्ट पानांत नाहीत. त्या कुणाला हस्तांतरित करायच्या नसतात.

आमच्याकडे नोकरी सोडणाऱ्याची खाती बंद करायची पद्धत आहे: शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचला, मिनिटाचीही सवलत नाही, कुलगुरू असले तरी. हा नियम माझाच. पावणेपाचला तो मुलासारखा सहकारी दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, हवं तर साडेपाचला करतो. मी म्हटलं, पाचला कर, नाहीतर तुझी तक्रार करीन. पाच वाजून काही सेकंदांनी पडद्याने पासवर्ड मागितला. टाकला. चुकीचा, म्हणाला. बरोबर चाललं होतं सगळं. मी माझं कार्ड त्याच्या हातात दिलं, खिडकीतलं कोरफडीचं रोप उचललं आणि निघाले. पार्किंगमध्ये गेट कार्डाशिवाय उघडेना, मग त्यालाच खाली बोलवावं लागलं. तो इतका हसत होता की बरं झालं, रडणं राहून गेलं.

आता जुलैत सांगलीला येतेय, दोन महिने. पहिलं काम दादाकाकांचं. त्यांना मागच्या हिवाळ्यात 'डिजिटल अरेस्ट'चा फोन आला होता. व्हिडिओवर गणवेशातला माणूस, मागे पोलिसांचं बोधचिन्ह, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. काका निवृत्त हेडमास्तर. त्यांनी त्या माणसाला सांगितलं, "बंब तापलाय, आंघोळ करून येतो, तोपर्यंत तुमचं म्हणणं मुद्देसूद लिहून काढा," आणि फोन ठेवला. सगळ्यांसाठी पुन्हा सांगते, असली अटक भारतीय कायद्यात अस्तित्वातच नाही, फोन कापायचा आणि १९३० वर कळवायचं. बंब तापलेला नसला तरी.

काकांनी तेव्हापासून आलेल्या प्रत्येक अनोळखी फोनची नोंद ठेवलीय म्हणे, तारीखवार, शंभर पानी वहीत, लाल शाईने शेरे मारून. ती मला दाखवायचीय. बाकीच्यांनी आपापले फोन, लॅपटॉप आणि शंका आधीच काढून ठेवा. दर वेळी निघायच्या दिवशी, रिक्षा दारात उभी असताना, "जाता जाता एवढं बघ ना" असं होतं. या वेळी वेळ आहे.